मी किल्ला करला

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलांनी किल्ला केला, तेव्हा आमच्या मुलाला तीन वर्षे पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता. मोठ्या मुलांनी विटांचे तुकडे, जुनी पोती आणि माती यांचा डोंगर रचला, त्यावर अळीव पेरले, आणि लहानांच्या वाट्याला नेहमी जे काम येते तेच त्याच्याही वाट्याला आले, म्हणजे तांब्याने पाणी आणून देणे आणि कोणी रागावेपर्यंत चिखल थापटत राहणे. संध्याकाळी कोपरापर्यंत मातीने माखलेला तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी किल्ला करला!"

मी म्हणाले, "करला नाही, केला म्हण."

"केला."

"हं. आता सांग, काय केलंस?"

"मी किल्ला करला!" मला ऐकू आले नसावे अशा समजुतीने या वेळी तो जरा मोठ्याने बोलला. मी पुन्हा 'केला' म्हटले. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता तो बाबाकडे निघून गेला. बाबाने फक्त एवढेच विचारले, "किती उंच केला रे? मावळे कुठं ठेवले?" आणि त्यानंतरची पंधरा मिनिटे बुरूज, दरवाजा आणि शिवाजी महाराजांचे सिंहासन यांचे सविस्तर वर्णन मला स्वयंपाकघरातून ऐकावे लागले, कारण ते मला सांगितले जात नव्हते.

मी मुद्रितशोधनाचे काम करते. इतरांच्या लिहिण्यातले ऱ्हस्व-दीर्घ, राहून गेलेले अनुस्वार आणि कर्त्याशी फटकून वागणारी क्रियापदे लाल पेनाने पकडणे हा माझा रोजचा उद्योग असल्यामुळे, चूक दिसली की हात आपोआप तिकडे जातो; लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्याही त्यातून सुटत नाहीत. पण त्या रात्री मी मुलाचे ते वाक्य एखाद्या मुद्रितासारखे मनात पुन्हा वाचले आणि मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. 'मी किल्ला केला' या वाक्यात क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे चालत नाही, किल्ल्याप्रमाणे चालते. हा कर्मणी प्रयोग शाळेत समजावून सांगताना शिक्षकांची आणि मुलांची काय दमछाक होते ते आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. आमच्या चिरंजीवांनी मात्र पुढच्या चार दिवसांत "मी भिंत करली", "मी दार करलं", "मी लाडू करले" अशी वाक्ये ओळीने टाकली, आणि त्यांतल्या प्रत्येकात लिंग आणि वचन चोख होते. एका शब्दातली एक गोष्ट चुकली होती आणि तीन गोष्टी बरोबर होत्या. मी लाल खूण केली होती ती एका गोष्टीवर, आणि उरलेल्या तीन मला दिसल्याही नव्हत्या.

शिवाय जे चुकले तेही विचारपूर्वक चुकले होते, असे मी म्हणेन. बस-बसला, पड-पडला, उठ-उठला, सोड-सोडला, फेक-फेकला, अशी शेकडो क्रियापदे ज्याच्या कानावर पडली आहेत त्याने 'कर'वरून 'करला' करावे हेच न्यायाचे आहे. अन्याय भाषेचा आहे, जिने करण्याचे 'केला', मरण्याचे 'मेला', जाण्याचे 'गेला' आणि येण्याचे 'आला' करून ठेवले आहे. आमच्या घरात 'करला' कोणीही म्हणत नाही, शेजारीही कोणी म्हणत नाही, त्यामुळे हा शब्द त्याने ऐकून उचललेला असणे शक्य नाही. लहान मूल मोठ्यांची नक्कल करत बोलायला शिकते, हे आपण इतक्या सहजपणे म्हणून जातो की नक्कल केवळ ऐकलेल्या गोष्टीचीच करता येते, याचा आपल्याला विसर पडतो.

मी त्याच्या जन्मापासून एक वही ठेवली आहे. त्या वहीत एकविसाव्या महिन्यातली एक नोंद आहे: 'शी केली' असे स्वच्छ बोलला. त्यानंतर साधारण आठ महिन्यांनी तोच मुलगा "शी करली" म्हणू लागला, तेव्हा सासूबाईंनी हा पुढे जायचा सोडून मागे कसा चालला, अशी शंका बोलून दाखवली होती, आणि मलाही तिचे उत्तर देता आले नव्हते. उत्तर असे आहे की पहिले 'केली' हे त्याने बनवलेले नव्हतेच. 'शी केली' हा त्याच्या लेखी एक अखंड शब्द होता, एखाद्या वस्तूच्या नावासारखा पाठ झालेला. मध्यंतरीच्या महिन्यांत त्याला नियमाचा शोध लागला आणि तो शोध इतका आवडला की पाठ झालेले बरोबर रूप बाजूला सारून त्याने नियम तिथेही लावला. ही पायरी अनेक भाषांतल्या मुलांना चढावी लागते. इंग्रजी बोलणारी मुलेही आधी 'वेंट' म्हणतात आणि मग काही काळ, 'गो'ला नियमाप्रमाणे भूतकाळाचा 'ड' जोडून, 'गोड्' म्हणू लागतात. हार्वर्डच्या रॉजर ब्राउन यांनी साठच्या दशकात तीन मुलांचे बोलणे काही वर्षे नियमाने टिपून घेतले होते आणि १९७३ साली त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले; तेव्हापासून या अभ्यासाला मोठी गती आली.

त्याच्याही आधी, १९५८ साली, जीन बर्को यांनी एक फार साधी युक्ती केली होती. त्यांनी पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचे चित्र काढले, त्याला इंग्रजीत नसलेले 'वग' असे नाव दिले, आणि मुलांना दुसरे चित्र दाखवून विचारले की आता हे दोन कोण? बहुतेक मुलांनी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन बिनचूक करून दाखवले. हे वाचल्यावर मलाही राहवले नाही. मी एका फाटक्या मोज्यात चिंध्या भरल्या, त्याला दोन बटणांचे डोळे लावले आणि मुलाला सांगितले की हा गबडा आहे. दुसऱ्या मोज्याचा जोडीदार तयार झाल्यावर मी विचारले, "आता हे किती झाले?" तो म्हणाला, "दोन गबडे." इथपर्यंत माझी अपेक्षा होतीच. पण रात्री झोपताना तो म्हणाला, "गबड्याला पांघरूण दे," आणि मी अंधारात उठून बसले. 'गबड्याला'! मराठीत 'ला' लावण्याआधी शब्दाचे सामान्यरूप करावे लागते, घोड्याला, आंब्याला, हे परभाषेतून मराठी शिकणाऱ्या मोठ्या माणसांना वर्षानुवर्षे जमत नाही. दुसऱ्या दिवशी मी लाल मोज्याची 'गबडी' केली, तर त्याने तिला पोळी भरवताना "गबडीला" म्हटले आणि दोघी झाल्यावर "गबड्या" म्हटले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले. आमच्याकडे ते मोज्यांवर तपासून झाले.

सगळाच प्रवास असा कौतुकाचा होता असे मात्र नाही. दोन वर्षांचा असताना त्याला तहान लागली की तो "तुला पाणी पाहिजे" असे म्हणत असे. घरातला प्रत्येकजण त्याला "तुला पाणी पाहिजे का?" असेच विचारतो, तेव्हा ज्याला पाणी पाहिजे असते त्याचे नाव 'तुला' असते, हा त्याचा निष्कर्ष बिनतोड होता. त्याच सुमाराला तो स्वतःविषयी "मी येते", "मी पडले", "मी नाही जाणार गं" असे बोलत असे, कारण माझे काम घरूनच चालते आणि दिवसभर त्याच्या कानावर पडणारे 'मी' हे माझेच होते. यावर इमारतीतल्या एका काकूंनी मुलगा असून बायकी बोलतो, आत्ताच वळण लावा, असा सल्ला दिला. मी काही वळण लावले नाही. अंगणात मोठ्या मुलांत खेळायला लागल्यावर तीन महिन्यांत तो आपोआप 'येतो' आणि 'पडलो'वर आला, आणि मला 'मी आले' म्हणण्याची मुभा त्याने कायम ठेवली.

खरी अडचण त्यानंतर आली आणि ती मराठीच्या शुद्ध-अशुद्धतेच्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवणारी होती. सासूबाई कोल्हापूरच्या. त्या दर उन्हाळ्यात आमच्याकडे पुण्याला दोन महिने राहतात आणि कोल्हापूरच्या अनेक बायकांप्रमाणे स्वतःविषयी "मी आलो", "मी जेवलो" असेच बोलतात. मुलगा साडेतीन वर्षांचा होता. मुलगे 'आलो' म्हणतात आणि मुली 'आले' म्हणतात, हा नियम त्याने नुकताच स्वतःच्या कष्टाने मिळवला होता, आणि त्याच्यासमोर आजी म्हणाल्या, "देवाला दिवा लावतो आणि आलोच बघ."

"आजी, तू मुलगी आहेस ना?"

"आता मुलगी कसली बाळा, पण हाय खरी."

"मग 'आले' म्हण."

आजींनी त्याच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. "आमच्याकडं बायका बी 'आलो'च म्हणत्यात. तुझ्या आईला विचार, तिच्या पुस्तकात काय लिवलंय ते."

पुस्तकात काय लिहिले आहे ते मला ठाऊक होते आणि तेच सांगण्याची माझी इच्छा नव्हती. लग्न होऊन आल्यावर पहिली दोन-तीन वर्षे मी त्यांच्या तोंडचे 'आलो' मनातल्या मनात दुरुस्त करत असे, हे त्यांनी कधीतरी ओळखले असणार. मुलाला मी एवढेच सांगितले की आजीच्या गावाला आई, आजी, आत्या सगळ्या असेच म्हणतात आणि तिथे तेच बरोबर असते. त्याने ते इतक्या सहज मान्य केले की मलाच आश्चर्य वाटले. पुढे मालवणच्या माझ्या मावशी आल्या आणि 'पाहिलं, बघितलं' या अर्थी "बगलंय" म्हणाल्या, तेव्हा माझ्या मनात आले की माझ्या मुलाने 'बघलं' म्हटले की मी ती बालिश चूक समजते आणि समुद्राकाठी तीच गोष्ट पिढ्यान्पिढ्या चालत आलेली बोली असते. मुलांनी लावलेला नियम कुठेतरी मोठ्यांनीही लावलेला असतोच.

मग चूक सुधारायचीच नाही का, असा प्रश्न मला मैत्रिणी विचारतात. मी सुधारते, पण उत्तरातून सुधारते. तो "मी दूध संपवलं, ग्लास खाली ठेवला, आणि तोंड धुलं" म्हणाला की मी "अरे वा, तोंडपण धुतलंस? बघू," एवढेच म्हणते. त्याला हवे असलेले उत्तर त्याला मिळते, बरोबर रूप त्याच्या कानावर पडते, आणि बोलणे तुटत नाही. 'म्हण बरं' म्हटले की मुलाचे लक्ष किल्ल्यावरून उडते. याच्या उलट टोकाचा एक प्रकार मला त्याहून अधिक खटकतो. पाहुणे आले की मुलाला बोलावून "बोल रे, मघाशी काय म्हणालास, परत बोल" असे म्हणायचे आणि त्याने बोबडे बोलल्यावर सगळ्यांनी हसायचे. मुलाने काहीतरी सांगायचे म्हणून वाक्य जुळवलेले असते आणि त्याचा खेळ होतो. माझा मुलगा एकदा अशा वेळी पडद्यामागे गेला आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आला नाही.

बाळबोलीबद्दल मात्र माझे मत बदलले आहे. मूल झाल्यावर सुरुवातीला मी घरात फर्मान काढले होते की कुत्र्याला भूभू म्हणायचे नाही, भाताला मंमं म्हणायचे नाही, सगळे शब्द खरे वापरायचे. सासूबाईंनी ते एक दिवसही पाळले नाही. पुढे कामाच्या निमित्ताने वाचताना कळले की अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठीतल्या याच बाळबोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या सहा भाषांतल्या बाळबोलींची जी तुलना केली तीत मराठीचा समावेश होता. जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या या भाषांमध्ये मोठी माणसे बाळांशी बोलताना सारख्याच गोष्टी करतात: सोपे ध्वनी घेतात, तेच अक्षर दोनदा उच्चारतात, वाक्ये तोकडी करतात. मंमं, भूभू, काऊ, चिऊ, जोजो ही लाडाने बिघडवलेली मराठी नव्हे. मुलाच्या जिभेला जे आधी जमते तेवढेच वेचून केलेली ती पहिली पायरी आहे, आणि मुले ती स्वतःच सोडतात. आमच्याकडे भूभू कधी गेला आणि कुत्रा कधी आला ते वहीतही सापडत नाही.

उच्चारांची तर निराळीच गंमत. काही शब्दांत 'क' त्याला जवळजवळ तीन वर्षांपर्यंत येत नव्हता, त्यामुळे काका हा 'ताता' होता आणि कावळा 'तावळा'. एकदा खिडकीत कावळा बसलेला पाहून बाबाने मुद्दाम म्हटले, "तो बघ तावळा!" मुलगा संतापला. "तावळा नाही, तावळा!" बाबाने पुन्हा 'तावळा' म्हटले आणि तो रडकुंडीला आला. त्याच्या कानाला 'क' आणि 'त' यांतला फरक लख्ख कळत होता, जिभेला मात्र तो करता येत नव्हता, आणि आपली जीभ काय करते आहे हे त्याला ऐकू येत नव्हते. कान जिभेच्या कितीतरी पुढे असतात. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवले होते की इंग्रजीभाषक घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतल्या 'त' आणि 'ट' यांतला फरक ओळखतात, पण वर्षाची होता होता ती क्षमता मावळते, कारण त्यांच्या घरात त्या फरकाला काही अर्थ नसतो. आपल्या घरांतल्या बाळांच्या बाबतीत तो फरक टिकतो, कारण 'ताट' म्हणजे काय ते त्यांना जेवायच्या वेळी रोज कळते.

पण मग ज्या मुलाच्या कानापर्यंत आवाजच नीट पोचत नाही त्याचे काय? हे मी लांबून पाहिलेले आहे. नात्यातली एक मुलगी अडीच वर्षांची होईपर्यंत चारच शब्द बोलत होती, आणि तिचा बाबाही उशिरा बोलला होता, या एका वाक्यावर सगळे घर निश्चिंत होते. ती हाका मारल्यावर बघत नसे, तर तिला हट्टी म्हणत. शेवटी तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचे निदान झाले. श्रवणयंत्र बसल्यावर आणि वाचा-उपचार सुरू झाल्यावर ती बोलू लागली, आज शाळेत जाते, पण तिच्या आईला त्या गेलेल्या दोन वर्षांचा विचार अजून सोडत नाही. कानांची चाचणी बाळ अगदी नवजात असताना, ते झोपलेले असतानाही होते आणि तिला काही मिनिटे पुरतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात, असा या क्षेत्रातला दंडक आहे. वर्षाचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा बडबडत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द येत नसेल, दोन वर्षांपर्यंत 'बाबा ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची स्वतःची जोडणी होत नसेल, किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द जाऊ लागले असतील, तर आजोबा किती उशिरा बोलले होते याची चौकशी न करता डॉक्टरांकडे जावे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून याच कामासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाचा-श्रवण संस्था तर त्याहूनही जुनी आहे.

मोबाइलचा विषय मी थोडक्यात आटोपते, कारण त्यावर उपदेश ऐकून सगळेच कंटाळले आहेत आणि जेवण भरवताना मीही तो लावलेला आहे. पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा एक प्रयोग मात्र मला विसरता येत नाही. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांमध्ये चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, वाचून दाखवणाऱ्या माणसाकडून ज्या बाळांनी ती ऐकली त्यांना तिचे ध्वनी ओळखू येऊ लागले. तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावरून ज्यांनी पाहिले त्यांना काहीच आले नाही. पडदा बोलतो पुष्कळ, पण "किती उंच केला रे?" असे विचारत नाही.

वहीतली 'करला'ची शेवटची नोंद तो तीन वर्षे आठ महिन्यांचा असतानाची आहे: "डास मरला, मी करला." ती शेवटची आहे हे लिहिताना मला ठाऊक नव्हते. त्यानंतर कधीतरी 'केला' परत आले, सव्वा-दीड वर्ष बाहेर राहून आलेल्या माणसासारखे गुपचूप, आणि ज्या दिवशी ते आले त्या दिवसाची नोंद मी केलेली नाही.

यंदाचा किल्ला त्याने मोठ्या मुलांबरोबर नव्हे, तर आमच्याच गॅलरीत स्वतः केला. माती ओली असतानाच त्याला आजीला फोन करायचा होता. मी फोन लावून दिला आणि कणीक मळत उभी राहिले.

"आजी, मी किल्ला केला. एकट्यानं."

"एकट्यानं? मग बघायला येतोच मी. पाडव्याच्या आदल्या दिवशी येतो, चालतंय?"

त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मी कणकेकडे पाहत राहिले.

"ये," तो फोनमध्ये म्हणाला, "पण लवकर ये, एक बुरूज पडायला लागलाय."